ऐकून सांग!

‘हा अल्बम ऐक. ऐकून सांग.’

सोमवारी सकाळी लोकलमध्ये एका पायावर उभं असताना किंवा हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेलं असताना व्हॉट्सॲपवर एवढंच येतं. खाली एक लिंक. गायकाचं नाव धड वाचता येत नाही. कव्हरवर कोणीतरी अनोळखी माणूस टक लावून बघतोय. आपण एक अंगठा पाठवून मोकळे होतो. वर ‘नक्की!’ असंही लिहितो. मग तो अल्बम जाऊन पडतो जिमच्या मेंबरशिपशेजारी, अर्धवट वाचलेल्या पुस्तकांच्या आणि ‘एकदा भेटू या रे’च्या ढिगात.

आठवडाभराने विचारणा होते, ‘ऐकलास?’ आपण म्हणतो, ‘हो, मस्त आहे.’ समोरचा विचारतो, ‘कुठलं गाणं आवडलं?’

मेलो!

तर मंडळी, आजचा विषय हाच. मित्रमैत्रिणींनी सुचवलेले, नावही न ऐकलेल्या कलाकारांचे अल्बम. ते ऐकायचे का, कसे, आणि ऐकून झाल्यावर सांगायचं काय?

‘का’पासून सुरुवात करू. कारण कोणीतरी म्हणणारच, ‘बॉस, हल्ली कोणी सुचवायची गरजच काय? ॲप सुचवतंच की!’ सुचवतं, बरोबर आहे. काल तुम्ही काय ऐकलंत, कुठलं गाणं अर्ध्यावर सोडलंत, रात्री अकरानंतर तुम्हाला कसली हुक्की येते, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्या हिशेबाने ते पुढचं वाढत राहतं. सोयीचं आहे, नाही असं नाही. पण त्यातला फंडा लक्षात घ्या. ॲप तुम्हाला तुमच्यासारखं काहीतरी देतं. माणूस देतो ते त्याच्यासारखं असतं.

ॲप म्हणजे रोजची खानावळ. तुम्ही भात कमी खाता हे वाढप्याला माहीत असतं. मित्राने सुचवलेला अल्बम म्हणजे त्याच्या घरी जेवायला जाणं. आमटीत गूळ जरा जास्त असेल, भाजी ओळखीची नसेल, पण पाहुणे म्हणून गेलेलो असल्यामुळे पहिल्याच घासाला आपण ताट सरकवत नाही. आणि निघताना त्या घराबद्दल काहीतरी कळलेलं असतं.

कॉलेजात असताना हे आपोआप घडायचं. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतून काहीतरी भलतंच ऐकू यायचं, कट्ट्यावर कोणाच्या तरी मोठ्या भावाच्या कॅसेट्स यायच्या. मुंबईत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस, हातातली सीडी बघून ‘ती ठेवा, ही घ्या’ म्हणू शकायचा. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आपलं कॉलेज तर त्याआधीच संपलं. नोकरी लागली, ईएमआय सुरू झाला आणि गाणी तिथेच थांबली. तिशी येईपर्यंत आपली प्लेलिस्ट म्हणजे आपल्याच विशीचं म्युझियम झालेलं असतं. रोज तीच तिकिटं काढून आपण आत जातो आणि त्याच चित्रांसमोर उभे राहतो. त्या म्युझियमची खिडकी बाहेरून उघडावी लागते, आणि ते काम बहुतेक वेळा दुसरा माणूसच करतो.

डेट्रॉइटचा मजूर, केपटाउनचा हीरो

एकाने दुसऱ्याला सांगितल्याने काय होऊ शकतं, याचं सगळ्यात सॉलिड उदाहरण म्हणजे सिक्स्टो रॉड्रिग्ज. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधला, मेक्सिकन कुटुंबातला गायक. १९७० मध्ये त्याचा ‘कोल्ड फॅक्ट’ आला, १९७१ मध्ये ‘कमिंग फ्रॉम रिॲलिटी’. अमेरिकेत दोन्हींना कोणी विचारलं नाही. पठ्ठ्याने गिटार घरी ठेवली आणि घरं पाडायच्या, दुरुस्त करायच्या कामावर जायला लागला.

इकडे दक्षिण आफ्रिकेत भलतंच चाललं होतं. तिथे वर्णद्वेषी राजवट, राजवटीला न रुचणाऱ्या गाण्यांवर डोळा, आणि बाहेरच्या जगाने बहिष्कार टाकलेला. अशा बंद देशात ‘कोल्ड फॅक्ट’ या हातातून त्या हातात फिरत राहिला. टेप कॉपी व्हायची, कॉपीची कॉपी व्हायची. तिथल्या एका पिढीतल्या गोऱ्या मुलामुलींना तो तोंडपाठ होता, पण त्या गायकाबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. त्याने स्टेजवरच जीव दिला, अशी वदंताही पसरली होती. शेवटी तिथल्याच दोन चाहत्यांनी, स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू यांनी शोध घेतला. १९९७ मध्ये कळलं, की माणूस जिवंत आहे आणि डेट्रॉइटमध्येच राहतोय! १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गायला, तेव्हा समोर हजारो लोक होते आणि त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता.

या गोष्टीवरच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. माहितीपटात न आलेली एक गोष्टही सांगून ठेवतो. ऑस्ट्रेलियातही त्याला चाहते सापडले होते आणि १९७९ व १९८१ मध्ये त्याने तिथे दौरे केले होते. म्हणजे एकाच अल्बमला लोकांनी दोनदा, दोन खंडांवर वाचवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये, ८१ व्या वर्षी रॉड्रिग्ज गेला. तोवर त्याला स्वतःबद्दलची ही बातमी कळलेली होती, हे बरं झालं.

आपल्या मुंबईतला डिस्को ललित

‘हे सगळं फॉरेनला होतं’ म्हणू नका. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं समोर मांडली. टीआर-८०८ तालासाठी, टीबी-३०३ खालच्या सुरांसाठी आणि ज्युपिटर-८ रागासाठी. त्यातून झाला ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ललित, यमन, मालकंस, कलावती असे दहा राग, आणि खाली अखंड ढुप ढुप ढुप. लोकांनी ऐकलं, खांदे उडवले आणि रेकॉर्ड दुकानांच्या तळाशी गेली.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या ‘फ्यूचर’ या ग्रुपने त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि जगभरच्या क्लबांत ‘ॲसिड हाउस’ नावाचं वादळ आलं. शिकागोवाल्यांनी चरणजितसिंगांना ऐकलेलं नव्हतं आणि सिंगांनाही आपण काही शोध लावतोय असं वाटलं नव्हतं. पण ऐकल्यावर दोन्ही सख्खी भावंडं वाटतात.

२००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली. त्याने २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. युरोपात काहींना तर ही कोणीतरी केलेली थट्टाच वाटली, इतकी ती काळाच्या पुढची होती. त्यानंतर सत्तरीतले चरणजित सिंग परदेशी रंगमंचांवर तीच यंत्रं घेऊन वाजवायला गेले आणि नातवाच्या वयाची पोरं समोर नाचली. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत गेले. म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या शांततेनंतर फक्त पाच वर्षांची वाहवा मिळाली, आणि तीसुद्धा एका माणसाने दुसऱ्याला ‘हे ऐक’ म्हटलं म्हणून.

तुमच्या फोनमध्ये पडून असलेल्या त्या लिंकचं मोल इथे आहे. अल्बम कधी नुसत्या चांगुलपणावर टिकत नाहीत. कोणीतरी सांगतं, कोणीतरी ऐकतं, मग तो पुढच्याला सांगतो. साखळीतली एक कडी तुम्ही आहात. तुम्ही अंगठा पाठवून थांबलात, की साखळी तेवढ्यापुरती तिथे तुटते.

ताट लगेच सरकवू नका

बरं, आता ‘कसं’. अनोळखी अल्बम पहिल्या फटक्यात आवडणं हा अपवाद समजा. कान ओळखीच्या वळणाची वाट बघत असतो आणि ते वळण येतच नाही. म्हणून सोपा नियम : तीनदा ऐका, मगच मत द्या.

पहिल्यांदा ऐकाल ते हाताला काम देऊन. कपड्यांना इस्त्री करा, भांडी लावा, चालायला जा. मेल लिहिताना नको, शब्दांशी शब्द भांडतात. यावेळी ठरवायचं काहीच नाही, फक्त घराला चक्कर मारायची.

दुसऱ्यांदा हेडफोन, फोन उलटा आणि अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने. एलपीच्या जमान्यात रेकॉर्डला दोन बाजू असायच्या, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांच्या. पहिली बाजू कुठल्या गाण्यावर संपवायची आणि रेकॉर्ड उलटल्यावर काय वाजवायचं, यावर कलाकारांनी डोकं घातलेलं असतं. तिथे शफल लावणं म्हणजे आधी बडीशेप, मग आमटी, मग हात धुणं, मग पोळी!

तिसऱ्यांदा ऐकण्याआधी सुचवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, ‘तुला यात काय सापडलं?’ आणि मग ते उत्तर कानात ठेवून ऐका.

निक ड्रेकचा ‘पिंक मून’ घ्या, १९७२ चा. जेमतेम २८ मिनिटांचा, दादरहून फास्ट लोकल पकडली तर ठाण्यापर्यंत संपत येतो. एक आवाज, एक गिटार आणि एका गाण्यात थोडासा पियानो. बस. पहिल्यांदा वाटतं, हा माणूस स्वतःशीच पुटपुटतोय. दुसऱ्यांदा गिटारकडे लक्ष जातं आणि शंका येते की वाजवणारे दोघे आहेत. तिसऱ्यांदा ती शांतता कळायला लागते. ड्रेक १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या तिन्ही अल्बमांचा खप अगदी किरकोळ होता. ज्यांच्याकडे ते होते, त्यांनी ते मित्रांना ऐकवत ठेवले. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि मग सगळ्यांनाच तो हवा झाला. पण ती जाहिरात होईपर्यंत, पाव शतक, त्याला जिवंत ठेवणारे हेच ‘ऐकून सांग’वाले.

‘मस्त आहे’ ही फक्त पोच

आता सगळ्यात अवघड भाग, सांगायचं काय? ‘मस्त आहे’ ही कुरिअरवाल्याला दिलेल्या सहीसारखी पोच झाली. पाकीट मिळालं, एवढंच त्यातून कळतं. आतलं वाचलंत का, ते कळत नाही.

खरं उत्तर छोटंसं असलं तरी चालतं. ‘तिसरं गाणं परत लावलं.’ ‘आवाज झेपला नाही, पण मागचा बेस जबरी.’ ‘दुसऱ्या बाजूला मला झोप आली.’ तीनदा ऐकून ‘नाही पोचलं’ म्हणालात तरी तुम्ही त्या माणसाला तुमची दोन तास दिलीत. हल्ली दोन तास कोण कोणाला देतो? आणि समीक्षकासारखं बोलायची गरज नाही. तुम्ही तानसेन नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कानसेन व्हा, पुरे.

कारण समोरच्याने कधीकधी गाण्यापेक्षा जास्त काहीतरी पाठवलेलं असतं. माझ्या एका मैत्रिणीने मला सेझारिया एव्होराचा ‘मिस परफ्युमादो’ पाठवला होता, नेहमीच्या दोन शब्दांसकट. एव्होरा ही आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातल्या केप वर्दे बेटांवरची. मिंडेलो गावच्या बारमध्ये गायची. हा अल्बम १९९२ मध्ये आला तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या, आणि जग त्यांना त्यानंतर ओळखायला लागलं. स्टेजवर अनवाणी उभ्या राहायच्या. भाषा तिथली क्रेओल, मला एक अक्षर कळत नव्हतं. तिसऱ्या ऐकण्याआधी मी मैत्रिणीला तो प्रश्न विचारला. तिचं उत्तर रात्री उशिरा आलं. ती मडगावची, नोकरी गुडगावला. त्या महिन्यात गोव्यातलं आजीचं घर विकायला निघालं होतं. या अल्बममधल्या ‘सोदाद’ गाण्याचं नाव तिला न शिकवता कळलं होतं. पोर्तुगीजांचा ‘सौदाद’ हा शब्द तिच्या आजीच्या तोंडात असायचा. हातातून निसटलेल्या जागेची, माणसांची हुरहुर. केप वर्दे १९७५ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, गोवा १९६१ पर्यंत. हजारो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांना एकच शब्द मिळाला होता. घराबद्दल ती ऑफिसात कोणाशी बोलली नव्हती. माझ्याशीही ती थेट बोलली नसती. तिने अल्बम पाठवला. मी ‘मस्त आहे’ लिहिलं असतं, तर विषय तिथेच संपला असता.

सुचवणारे आणि त्यांचे प्रकार

अर्थात सगळे सुचवणारे असे नसतात. एक असतो ‘लिंक-बहाद्दर’. एका रात्रीत सतरा अल्बम पाठवतो, स्वतः त्यातले चार ऐकलेले असतात. दुसरा ‘तुला कळणार नाही’ संप्रदायाचा. अल्बम देतानाच तो तुम्ही नापास होणार हे गृहीत धरतो. तिसरा ‘परीक्षक’. तुम्ही ऐकत असताना चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचत समोर बसतो आणि ‘आता बघ, आता बघ’ म्हणत प्रत्येक जागेच्या आधी चिमटा काढतो. या तिघांपासून जपून!

स्वतः सुचवताना मात्र चार गोष्टी पाळा. एका वेळी एकच अल्बम द्या. तोच का, याचं एका ओळीचं कारण द्या, आणि ते त्या माणसासाठी असू द्या. कुठल्या गाण्यातून आत शिरायचं ते सांगा. आणि वाट बघा. उत्तर तीन आठवड्यांनी आलं तरी ते खरं असेल तर गोड मानून घ्या.

या आठवड्याची पाच दारं

*कोल्ड फॅक्ट* (रॉड्रिग्ज, १९७०) : पहिल्याच ‘शुगर मॅन’मधून शिरा. रात्री, दिवा बारीक करून.

*टेन रागाज टू अ डिस्को बीट* (चरणजित सिंग, १९८२) : ललितपासून सुरुवात करा. ललित पहाटेचा राग, त्यामुळे पार्टीहून घरी परतायच्या वेळेला बरोब्बर बसतो. घरात शास्त्रीय ऐकणारे आजोबा असतील तर त्यांनाही ऐकवा आणि चेहरा बघा.

*मिस परफ्युमादो* (सेझारिया एव्होरा, १९९२) : ‘सोदाद’. घरापासून लांब असाल तर रुमाल जवळ ठेवा.

*हम दोनो* (जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा, १९६९) : हॅरियट जमैकाचा सॅक्सोफोनवाला, डिसिल्वा मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवाला, आणि दोघांची भेट झाली लंडनमध्ये. दार आहे ‘बॅलड फॉर गोवा’. जॅझ डोक्यावरून जातं म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

*अ मीटिंग बाय द रिव्हर* (विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, १९९३) : मोहनवीणा आणि अमेरिकन स्लाइड गिटार. आधी कधी एकत्र न वाजवलेल्या दोघांनी, एकाच बैठकीत, तालमीशिवाय रेकॉर्ड केलेला अल्बम. त्याला ग्रॅमी मिळालं. अनोळखी माणसाचं नीट ऐकून घेणं म्हणजे काय, ते इथे प्रत्यक्ष कानांनी कळतं.

तर या शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केलात की एक काम करा. फोनमध्ये मागे जा, अगदी मार्च-एप्रिलपर्यंत. अंगठा दाखवून वाटेला लावलेली एखादी लिंक सापडेलच. ऐका. तीनदा. मग त्या माणसाला उत्तर पाठवा, कितीही उशीर झालेला असला तरी. काहीही लिहा, फक्त ‘मस्त आहे’ सोडून.